जुन्या मागाला नवी मोटर

"सर, मोटर तेवढ्याच हॉर्सपॉवरची लावली होती. मग धोटा का उडाला?"

काही वर्षांपूर्वी अकरावीच्या वर्गातील एका विद्यार्थ्याने तास संपल्यावर मला हा प्रश्न विचारला. भिवंडीत असा प्रश्न पडणे नवलाचे नाही. या गावात वाढलेल्या मुलाच्या कानात यंत्रमागांची खडखड लहानपणापासून असते. या विद्यार्थ्याच्या वडिलांचा बारा मागांचा छोटा कारखाना होता. एका मागाची मोटर जळाली. ती पुन्हा गुंडाळून मिळायला चार दिवस लागणार होते. तेवढे दिवस माग बंद ठेवण्यापेक्षा मिस्त्रीने बाजारातून तेवढ्याच अश्वशक्तीची दुसरी मोटर आणून बसवली. माग सुरू झाला, आणि नेहमीपेक्षा जोरात चालू लागला. मालकाला बरे वाटले. कापडाच्या मीटरवर मजुरी घेणाऱ्या कारागिरालाही बरे वाटले. दुसऱ्या दिवशी दुपारी धोटा मागातून सुटला आणि पलीकडच्या मागावर वाकलेल्या कारागिराच्या दंडावर बसला. टाके पडले. "थोडा वर लागला असता तर डोळा गेला असता," असे तो मुलगा म्हणाला, आणि मग त्याने वरचा प्रश्न विचारला.

त्याच्या प्रश्नाचे उत्तर तुमच्या पाठ्यपुस्तकातच आहे. गतिज ऊर्जा, शक्ती आणि चाकांचे गुणोत्तर, एवढ्या तीन गोष्टी त्यासाठी पुरतात. ते उत्तर आपण पायरीपायरीने शोधू या.

माग काय काम करतो?

कापडात उभे धागे असतात, त्यांना ताणा म्हणतात. आडव्या धाग्याला बाणा म्हणतात. मागाला तीन कामे आळीपाळीने करावी लागतात. ताण्याचे काही धागे वर उचलून आणि काही खाली ओढून मध्ये वाट करायची, त्या वाटेतून बाण्याची कांडी पोटात घेतलेला धोटा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे फेकायचा, आणि मग फणी बसवलेल्या हात्याने नवा धागा आधीच्या कापडाला ठोकून बसवायचा.

धोटा हाताने सरकवण्याऐवजी दोरीच्या हिसक्याने मारण्याची युक्ती इंग्लंडमध्ये जॉन के याने १७३३ मध्ये काढली. एडमंड कार्टराइट याने १७८५ मध्ये यंत्रमागाचे पहिले पेटंट घेतले. १८४२ च्या सुमारास लँकेशायर परगण्यातील ब्लॅकबर्न गावी केनवर्दी आणि बुलो या दोघांनी त्यात अशा सुधारणा केल्या, की बाणा तुटल्यावर माग आपोआप थांबू लागला. भिवंडीत पिढ्यान्‌पिढ्या चाललेला साधा माग याच लँकेशायर मागाच्या वंशातला. कित्येक माग तर मुंबईच्या गिरण्यांनी काढून टाकल्यावर इथे आलेले. आज गावात नव्या तऱ्हेचे बिनधोट्याचे मागही आले आहेत, कित्येक गाळ्यांत तर मागांऐवजी मालाची गोदामे आहेत; पण जुना माग अजून पूर्णपणे गेलेला नाही.

या मागात दोन मुख्य आडवे दांडे असतात. वरचा क्रँकशाफ्ट. तो एकदा फिरला की हात्या एकदा पुढेमागे होतो आणि एक बाणा पडतो. खालचा दांडा दातेरी चाकांनी वरच्याला जोडलेला असतो आणि वरच्याच्या निम्म्या वेगाने फिरतो. धोट्याला एकदा डावीकडून आणि एकदा उजवीकडून तडाखा देणारे कॅम या खालच्या दांड्यावर बसवलेले असतात.

इथे एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कॅमचा आकार ठरलेला असतो आणि दातेही ठरलेले असतात. म्हणून धोट्याचा वेग स्वतंत्र नसतो, तो क्रँकशाफ्टच्या वेगाला बांधलेला असतो. दांडा जितक्या पटीने जोरात फिरेल, जवळपास तितक्याच पटीने धोटा जोरात सुटेल.

एका मोठ्या इंजिनापासून बारा छोट्या मोटरींपर्यंत

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी स्थापन केली. त्या काळच्या गिरण्यांत प्रत्येक यंत्राला स्वतंत्र इंजिन नसे. एक मोठे वाफेचे इंजिन छताजवळचा लांबलचक दांडा फिरवी आणि त्या दांड्यावरून प्रत्येक यंत्राकडे चामड्याचा एकेक पट्टा उतरे. निकोला टेस्ला याने १८८८ मध्ये ज्या प्रवर्तन मोटरीची पेटंटे मिळवली, तिच्या प्रसारानंतर हे चित्र पालटले आणि कालांतराने प्रत्येक मागाला आपली मोटर मिळाली. कारागीर जिला इंडक्शन मोटर म्हणतात तीच ही.

या मोटरीचा वेग आपल्या मर्जीने ठरत नाही. तो विजेची वारंवारता आणि मोटरीच्या गुंडाळीतील चुंबकीय ध्रुवांची संख्या यांवरून ठरतो. आतील चुंबकीय क्षेत्र मिनिटाला किती फेरे घेते ते काढण्यासाठी वारंवारतेला १२० ने गुणून ध्रुवसंख्येने भागायचे. आपल्याकडे वारंवारता ५० हर्ट्‌झ. म्हणून चार ध्रुवांच्या मोटरीत क्षेत्राचे १,५०० फेरे होतात आणि सहा ध्रुवांच्या मोटरीत १,०००. मोटरीचा फिरता भाग या क्षेत्राच्या थोडा मागे राहतो. त्यामुळे पाटीवर साधारण १,४४० किंवा ९६० असा आकडा असतो.

आता आपल्या गोष्टीचा उलगडा सुरू होतो. जळालेली मोटर सहा ध्रुवांची, ९६० फेऱ्यांची होती. मिस्त्रीने आणलेली चार ध्रुवांची, १,४४० फेऱ्यांची होती. दोन्ही पाट्यांवर अश्वशक्ती मात्र एकच लिहिलेली होती.

अश्वशक्ती एक, स्वभाव दोन

एक अश्वशक्ती म्हणजे सुमारे ७४६ वॉट. फिरणाऱ्या दांड्याची शक्ती दोन गोष्टींच्या गुणाकाराने मिळते: दांड्याला फिरवणारा पीळ, ज्याला कारखान्यात टॉर्क म्हणतात, आणि फिरण्याचा वेग. गुणाकार तोच ठेवून एक वाढवला तर दुसरा कमी होणारच. दोन माणसांनी सारख्याच वेळात सारखीच वाळू गच्चीवर नेली. एकाने मोठी पाटी घेऊन थोड्या खेपा केल्या, दुसऱ्याने लहान पाटी घेऊन पुष्कळ. दोघांची शक्ती सारखी, पण पहिल्याची मोठी पाटी दुसऱ्याच्या डोक्यावर दिली तर त्याची मान आखडेल.

हिशेब केला तर ९६० फेऱ्यांच्या मोटरीचा टॉर्क सुमारे ७.४ न्यूटन-मीटर येतो आणि १,४४० फेऱ्यांच्या मोटरीचा सुमारे ५. कोनीय वेग रेडियनमध्ये कसा मांडायचा हे तुम्हाला ठाऊक असेल, तर हे आकडे स्वतः पडताळून पाहा.

मोटरीचा आकार मुख्यतः टॉर्कवरून ठरतो. त्यामुळे जलद मोटर आकाराने लहान असते. प्रमाणित मापांत एक अश्वशक्तीची सहा ध्रुवी मोटर ९० क्रमांकाच्या चौकटीत येते, तर चार ध्रुवी ८० च्या. हे क्रमांक म्हणजे मोटरीच्या पायांपासून दांड्याच्या मध्यापर्यंतची मिलिमीटरमधील उंची होय. पहिलीचा दांडा २४ मिलिमीटर जाडीचा, दुसरीचा १९ मिलिमीटरचा.

या पाच मिलिमीटरनेच घोटाळा केला. जुन्या मोटरीवरची तीन इंची पुली नव्या, बारीक दांड्यावर सैल पडली. मिस्त्रीने कपाटातून १९ मिलिमीटर भोकाची दुसरी पुली काढली. ती अडीच इंची होती. ती चावी ठोकून घट्ट बसली आणि काम झाले असे सर्वांना वाटले.

पुलीचे गणित

मागाच्या दांड्यावरील मोठी पुली १८ इंची होती. दोन पुल्यांवरून एकच पट्टा जातो. पट्टा घसरत नसेल, तर दोन्ही पुल्यांच्या कडांचा वेग सारखा असतो. म्हणून मागाचे फेरे काढायला मोटरीच्या फेऱ्यांना लहान पुलीच्या व्यासाने गुणायचे आणि मोठ्या पुलीच्या व्यासाने भागायचे.

पूर्वी: ९६० गुणिले ३, भागिले १८ = १६०.

नंतर: १,४४० गुणिले २.५, भागिले १८ = २००.

म्हणजे माग मिनिटाला १६० बाण्यांऐवजी २०० बाणे टाकू लागला. वेग सव्वापट झाला. "सव्वापट म्हणजे काही फार नाही," असे त्या विद्यार्थ्याच्या वडिलांना वाटले होते. आपल्यालाही सहज तसेच वाटेल. पण धोट्याचा हिशेब करून पाहू.

धोट्याचा हिशेब

क्रँकशाफ्टच्या एका फेऱ्यातील साधारण एक-तृतीयांश वेळ धोट्याला वाट पार करायला मिळतो. ते अंतर दीड मीटर धरू. १६० फेऱ्यांना एक फेरा ०.३७५ सेकंदाचा, त्याचा तिसरा भाग ०.१२५ सेकंद. दीड मीटरला ०.१२५ ने भागले की वेग येतो सेकंदाला १२ मीटर, म्हणजे तासाला सुमारे ४३ किलोमीटर. २०० फेऱ्यांना तिसरा भाग ०.१ सेकंदाचा होतो आणि वेग सेकंदाला १५ मीटर, म्हणजे तासाला ५४ किलोमीटर.

धोट्याचे वस्तुमान कांडीसह ४०० ग्रॅम धरू. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान आणि वेगाचा वर्ग यांच्या गुणाकाराचा अर्धा भाग. पूर्वीची ऊर्जा येते २८.८ ज्यूल, नंतरची ४५ ज्यूल. वेग सव्वापट, पण ऊर्जा दीडपटीहून जास्त! सव्वाचा वर्ग १.५६ होतो, त्याचाच हा परिणाम.

४५ ज्यूल म्हणजे किती? एक किलोचे वजन सुमारे साडेचार मीटर उंचीवरून खाली पडले तर जमिनीवर आदळताना त्यात इतकी ऊर्जा असते. आणि धोट्याची दोन्ही टोके धातूची, निमुळती असतात हे विसरू नका.

ही ऊर्जा धोट्याला द्यायची, आणि पलीकडच्या पेटीत तो पोहोचला की क्षणार्धात काढूनही घ्यायची. पेटीतील दाबपट्टी घर्षणाने धोट्याला थोपवते, उरलासुरला धक्का पिकर आणि त्यामागील चामडे खातात. ही व्यवस्था २९ ज्यूलसाठी जुळवलेली होती. ४५ ज्यूलचा धोटा आला की तो पेटीच्या टोकावर आपटून मागे उडी घेतो. तो पेटीत नीट बसला नाही, की पुढचा तडाखा वाकडा लागतो. वाटेत एखादा ताण्याचा धागा लोंबत असेल, तर धोट्याचे टोक वर उचलले जाते. मग तो फणीच्या आधाराने सरळ जाण्याऐवजी मागातून बाहेर झेपावतो.

दोन्ही बाजूंनी कोंडी

अजून एक हिशेब राहिला. प्रत्येक फेकीला लागणारी ऊर्जा वाढली, शिवाय मिनिटातील फेकींची संख्याही वाढली. पूर्वी सेकंदाला २.६७ फेकी, प्रत्येकी २८.८ ज्यूल: सुमारे ७७ वॉट. नंतर सेकंदाला ३.३३ फेकी, प्रत्येकी ४५ ज्यूल: १५० वॉट. वेग सव्वापट केल्याने धोट्यावर खर्च होणारी शक्ती जवळपास दुप्पट झाली. कारण शक्ती वेगाच्या घनाप्रमाणे वाढते, आणि सव्वाचा घन आहे १.९५. तडाख्यात आणि घर्षणात वाया जाणारी ऊर्जा यात धरलेलीच नाही. हात्यासारख्या जड भागाला पुढेमागे फिरवताना लागणारे बलही वेगाच्या वर्गाने वाढते आणि जुन्या सांगाड्याचे सांधे तेवढे खिळखिळे होतात.

आता मागाला मिळणारा टॉर्क पाहा. पुली लहानावरून मोठ्यावर जाते तेव्हा वेग घटतो आणि टॉर्क त्याच पटीत वाढतो. पूर्वीचे गुणोत्तर ६ होते: ७.४ गुणिले ६, सुमारे ४४.५ न्यूटन-मीटर. नंतरचे गुणोत्तर ७.२: ४.९५ गुणिले ७.२, सुमारे ३५.६ न्यूटन-मीटर. मागाची गरज वाढली आणि त्याच वेळी मागाला मिळणारा पीळ पाचव्या हिश्श्याने घटला! मोटर पाटीपेक्षा जास्त टॉर्क थोडा वेळ देऊ शकते, पण त्यासाठी जास्त प्रवाह ओढते आणि तापते. "नवी मोटर हात लावू देत नव्हती," असे तो विद्यार्थी म्हणाला होता. त्याचे कारण हेच.

मग निदान कापड तरी जास्त निघाले का? समजा, पूर्वी तुटलेले धागे जोडण्यात आणि कांड्या बदलण्यात शंभरातील वीस मिनिटे जात आणि माग ८० मिनिटे चाले. १६० चे ८० टक्के म्हणजे सरासरी १२८ बाणे. वेग वाढल्यावर धागे अधिक तुटू लागले आणि माग शंभरातील साठच मिनिटे चालला, तर २०० चे ६० टक्के म्हणजे १२० बाणे. धावणारा माग मागेच पडला!

मग करायचे काय होते?

पहिला मार्ग सुचतो तो असा: १,४४० ची मोटर ठेवावी आणि लहान पुली बरोबर दोन इंची लावावी. १,४४० गुणिले २, भागिले १८ = १६०. गणित अचूक जुळते आणि टॉर्कही पुन्हा ४४.५ होतो. पण व्ही-पट्ट्याला इतक्या लहान पुलीवर फार तीव्र वाकावे लागते. तो लवकर तडकतो. शिवाय लहान पुलीला पट्ट्याची मिठी कमी लांबीची पडते, आणि तडाख्याच्या क्षणी तो घसरतो. दुसरा मार्ग, मोठी पुली वाढवण्याचा. अडीच इंची पुलीसाठी ती साडेबावीस इंची लागेल, आणि तिला मागाच्या कुशीत जागाच नसते. तिसरा मार्ग सर्वांत साधा: जुन्याच वेगाची मोटर आणणे, किंवा जळालेली मोटर गुंडाळून परत बसवणे. त्या कारखान्यात शेवटी तेच झाले. चार दिवस वाचवण्यासाठी केलेल्या खटाटोपात आठवडा गेला, आणि एका माणसाच्या दंडावर खूण राहिली.

यंत्राची मोटर किंवा इंजिन बदलण्यापूर्वी म्हणून पाच प्रश्न विचारावेत:

१. पाटीवरील अश्वशक्ती किती? हा प्रश्न सगळेच विचारतात.

२. मिनिटाला फेरे किती? हा प्रश्न राहून जातो.

३. दांड्याची जाडी, चावीचे माप आणि पायांपासून उंची किती? उंची कमी पडली तर खाली पट्टी घालून दोन्ही पुल्या एका रेषेत आणाव्या लागतात.

४. फिरण्याची दिशा कोणती? तीन फेजच्या मोटरीत कोणत्याही दोन तारांची अदलाबदल केली की दिशा उलटते. म्हणून पट्टा चढवण्याआधी मोटर मोकळी फिरवून पाहावी. तेलाच्या इंजिनात मात्र ही सोय नसते.

५. काम कोणत्या जातीचे आहे? माग दिवसातून कितीतरी वेळा थांबतो आणि सुरू होतो, आणि त्याला पहिल्याच फेकीपासून पुरता वेग लागतो. शिवाय हवेत कापसाची तूस उडत असते. त्यामुळे मागाची मोटर बंद अंगाची आणि सुरू होताना जोरकस लागते.

हे प्रश्न मागापुरते नाहीत. शेतातल्या सेंट्रिफ्यूगल पंपालाही शक्ती वेगाच्या घनाप्रमाणेच लागते. तिथेही जलद इंजिन जोडले की आधी खूप पाणी दिसते आणि मग इंजिन धापा टाकते. कॅनडासारख्या थंड देशात घरापुढचे बर्फ उडवणाऱ्या यंत्राचे जुने इंजिन बदलायचे झाले, तरी दांड्याची जाडी, उंची, दिशा आणि वेग हेच आधी मोजावे लागतात. देश बदलला तरी सव्वाचा घन १.९५ च राहतो.

स्वतः करून पाहा

चालू मागाजवळ मोजमाप करायला जाऊ नका. त्याऐवजी सायकल उभी करा. पायडलच्या चक्राचे दाते आणि मागच्या चाकावरील लहान चक्राचे दाते मोजा. भागाकार करून पायडलच्या एका फेऱ्यात मागचे चाक किती फेरे घेईल ते लिहा. मग चाकावर खडूची खूण करून, पायडल हाताने एकदा फिरवून पडताळा पाहा. घरात पायाने चालणारे शिवणयंत्र असेल तर त्याच्या मोठ्या आणि लहान चाकांचे व्यास मोजून तोच प्रयोग करा. त्या शिवणयंत्राला मोटर लावायची झाल्यास कोणती पुली लागेल, हा गणिताच्या तासाला एक चांगला प्रश्न होईल. शिक्षकांनी तो जरूर द्यावा.

त्या विद्यार्थ्याला मी हा सगळा हिशेब फळ्यावर करून दाखवला. तो बराच वेळ १.९५ या आकड्याकडे पाहत राहिला. मग त्याने वही उघडली आणि सगळे उतरवून घेतले. "घरी मिस्त्रीला दाखवतो," म्हणाला. पुढे त्याच्याकडून कळले, की मिस्त्रीने कपाटातील प्रत्येक पुलीवर तिचा व्यास आणि भोकाचे माप पांढऱ्या रंगाने लिहून ठेवले आहे.